अण्णांची उधारी आणि ऑनलाइनचा भाव

सर,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशिनशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं), अण्णांच्या वेळची एक लेथ आणि चौदा माणसं. अण्णा म्हणजे माझे सासरे. मिस्टर प्रॉडक्शन बघतात. गेल्या वर्षी मी बँकेतली नोकरी सोडून अकाउंट्स आणि पर्चेस हातात घेतलं. इथे सगळी खरेदी फोनवर चालते. अण्णा रविवार पेठेत किंवा नाना पेठेत फोन लावतात, "नेहमीचं पाठव" म्हणतात आणि माल येतो. पैसे दोन महिन्यांनी. मी तेच आयटम ऑनलाइन बघितले तर पाच-सात टक्के स्वस्त दिसतात. सगळी खरेदी ऑनलाइन न्यावी असं मला वाटतं.

पण मीच तोंडघशी पडले. एका पोर्टलवर सापडलेल्या पार्टीला ईएन-८ स्टीलच्या ब्राइट बारसाठी (सळ्यांसाठी) अडतीस हजार ॲडव्हान्स पाठवला. माल नाही, फोन बंद. आठ दिवस झाले. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. त्यांना ऑनलाइन या प्रकाराचा मुळातच राग आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या ग्राहकाच्या ई-ऑक्शनमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी भाव देणाऱ्याला काम मिळतं त्या ऑनलाइन लिलावात, भाव पाडत पाडत काम घेतलं आणि वर्षभर ते तोट्यात केलं. मी चुकतेय का? आणि एक एजंट पंधरा हजारांत उद्यम (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) आणि जेम (सरकारी खरेदीचं पोर्टल) दोन्ही करून देतो म्हणतोय. द्यावेत का?

– भोसरीच्या एक वाचक

*

ताई,

तुमच्या प्रश्नापेक्षा आधी त्या अडतीस हजारांचं बघू, कारण तिथे रोज उशीर होतोय. पत्रात पोलिसांचा कुठे उल्लेख नाही, म्हणजे तक्रार केलेली नसावी. आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे ज्या व्यवहाराने गेले त्याचा यूटीआर नंबर, समोरच्याचा खाते नंबर, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं आणि त्याने पाठवलेलं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस हाताशी ठेवा. तुमच्या बँकेलाही लेखी कळवा. तुम्ही बँकेत होतात, तेव्हा मेलची पोच कशी घ्यायची ते तुम्हाला सांगायला नको. १९३० ची खरी ताकद पहिल्या काही तासांत असते. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असताना मधेच गोठवता येतो. आठ दिवसांनी ती आशा कमी होते हे खरं, तरी तक्रार करायचीच. त्याच खात्याविरुद्ध आणखी तक्रारी आलेल्या असतील तर त्यात तुमची भर पडते. आणि "तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. एकदा फसलेल्यांच्या याद्या फिरतात.

पोर्टलचं नाव तुम्ही लिहिलं आहे, ते मी इथे छापत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांच्याच कामाची आहे. बाजारात दोन तऱ्हेची पोर्टल आहेत. एक गाठ घालून देणारी: विकणारे आपली जाहिरात टाकतात, तुम्ही चौकशी टाकता, फोन येतात आणि पुढचा सौदा तुमचा तुम्ही करता. दुसरी स्वतः ऑर्डर घेणारी: पैसे पोर्टलकडे जातात, बिल येतं, परतीचे नियम लिहिलेले असतात. पहिल्या प्रकारात नावापुढे जो बिल्ला दिसतो, तो बऱ्याचदा कागदपत्रं तपासल्याचा किंवा वर्गणी भरल्याचा असतो. मालाची हमी तो देत नाही. लोक मात्र पहिल्या प्रकारच्या पोर्टलवर दुसऱ्या प्रकारचा भरवसा टाकतात.

अनोळखी पार्टीला पैसे पाठवण्यापूर्वी पाच मिनिटं द्यायची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करताही कुणाचाही जीएसटी नंबर टाकून बघता येतो. नोंदणीचं कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, आणि अलीकडची रिटर्न भरलीत का, एवढं दिसतं. नोंदणी दोन महिन्यांपूर्वीची आणि गप्पा "तीस वर्षांचा अनुभव" अशा असतील तर तिथेच थांबा. नंबर स्वतःही बरंच सांगतो. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गुजरात २४, दिल्ली ०७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, मालक कोण ते सांगतं. पी असेल तर एकटी व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. लेटरहेडवर ठळक "प्रायव्हेट लिमिटेड" आणि सहावं अक्षर पी, असं दिसलं की पुढे बोलायचंच नाही.

त्यानंतर बँक खातं. बिल एका फर्मचं आणि पैसे कुणाच्या तरी सेव्हिंग खात्यात, हे या फसवणुकीचं सगळ्यात नेहमीचं लक्षण. पूर्वी एनईएफटी करताना नाव काहीही टाकलं तरी पैसे खाते नंबरावरच जायचे. आता रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचं नाव दाखवायची सोय आहे. १ एप्रिल २०२५ ही बँकांना त्यासाठी दिलेली मुदत होती. नाव दिसलं आणि ते फर्मशी जुळलं नाही, तर "आमच्या पार्टनरचं खातं आहे मॅडम" या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही चुकत नाही, आणि अण्णाही नाहीत. तुम्ही दोघं वेगवेगळ्या मालाबद्दल बोलताय. शिवाय तुम्ही जो भाव बघताय आणि अण्णा जो भाव देतात, ते एकाच गोष्टीचे भाव नाहीत.

हिशोबच मांडू. अण्णांचा दुकानदार टूलिंगचा एक लॉट एक लाखाला देतो, वर जीएसटी. माल गेटवर, पैसे साठ दिवसांनी. ऑनलाइन तोच चौऱ्याण्णव हजारांना दिसतो. सहा हजार वाचले असं वाटतं. आता त्यात वाहतूक धरा, समजा बाराशे. पैसे आजच द्यायचे: अठरा टक्के जीएसटी आणि वाहतूक धरून एक लाख बारा हजारांच्या घरात. तुमचं सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज) ११ टक्क्यांचं असेल तर एवढ्या पैशाचं साठ दिवसांचं व्याज साधारण दोन हजार. उरले पावणेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे सहा टक्क्यांचे पावणेतीन झाले. त्यातला एक बॉक्स चुकीचा आला, परत पाठवायला कुरिअर लागलं आणि एक शिफ्ट मशिन थांबलं, की तेही गेले.

पण हा हिशोब अण्णांच्या बाजूने लावून मोकळं होऊ नका. रविवार पेठेतून काही तातडीचं आणायचं झालं की तुमचा एक माणूस दापोडी, शिवाजीनगर करत जातो, बोहरी आळीत गाडी लावायला जागा शोधतो आणि अर्धा दिवस घालवून परत येतो. गणपतीच्या दहा दिवसांत तर त्या भागात गाडी न्यायचं नावच काढायला नको. तो अर्धा दिवस कुठल्याच बिलात दिसत नाही. आणि साठ दिवसांची उधारी फुकट नसते, ती भावातच घातलेली असते. म्हणून ऑनलाइनच्या भावाचा पहिला उपयोग वेगळाच आहे. अण्णांना म्हणा, दुकानदाराला एकदा विचारा: रोखीत घेतलं तर काय भाव? दोन-तीन टक्के सुटले तर तुमचा निम्मा प्रश्न पोर्टल न उघडता मिटतो. मात्र स्क्रीनशॉट घेऊन रोज भांडायला जायचं नाही. एकदा, नीट, तीच कंपनी, तोच ग्रेड, तेवढाच नग, वाहतूक आणि उधारी धरून कागद समोर ठेवायचा. तो माणूस धंदेवाला आहे, त्याला कळतं. रोज भाव दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाला तो रात्री नऊला दुकान उघडून टॅप (आटे पाडायचं हत्यार) देणार नाही, आणि तसे प्रसंग मशिनशॉपला येतातच.

मी मात्र तुमच्या जागी असतो तर पोर्टलच्या आधी दुसरंच काम काढलं असतं. "नेहमीचं पाठव" एवढ्यावर माल बरोबर येतो, याचा अर्थ काय तो नीट बघा. तुम्हाला काय लागतं याची यादी तुमच्याकडे नाही. निम्मी अण्णांच्या डोक्यात आहे आणि निम्मी दुकानदाराच्या. पोर्टलला त्यातलं काहीच माहीत नसतं. तुम्ही जे टाइप कराल तेच येतं, आणि चुकीचं टाइप केलं तर चुकीचं पण अगदी नियमानुसार येतं. परत घ्या म्हणायलाही तोंड राहत नाही.

तुमच्या सीएनसीवरचाच एक इन्सर्ट (होल्डरमध्ये बसणारं, धातू कापणारं टोक) घ्या. डबीवर लिहिलेलं असतं सीएनएमजी १२०४०८. पहिलं अक्षर आकाराचं, पत्त्यातल्या चौकटसारखा ८० अंशांचा आकार. पुढची तीन अक्षरं क्लिअरन्स, टॉलरन्स आणि भोक-चिपब्रेकरची. १२ म्हणजे कडेची लांबी, १२.९ मिलिमीटर (कोडमध्ये दशांश सोडून देतात), ०४ म्हणजे जाडी, ४.७६ मिलिमीटर. शेवटचे ०८ म्हणजे टोकाची त्रिज्या, ०.८ मिलिमीटर. शेवटी ०४ असलेला इन्सर्ट तुमच्या होल्डरमध्ये तसाच बसतो, दिसतो तसाच. पण टोकाची त्रिज्या निम्मी, त्यामुळे त्याच फीडला फिनिश खरखरीत येते, टोकही लवकर तुटतं, आणि ऑपरेटर दिवसभर प्रोग्रॅमला शिव्या घालतो. एवढ्यावरही संपत नाही. पुढे ग्रेड येतो: स्टीलसाठी वेगळा, स्टेनलेससाठी वेगळा, कास्ट आयर्नसाठी वेगळा, आणि ग्रेडची नावं प्रत्येक कंपनीची आपापली. ऑनलाइन यादीत "सीएनएमजी इन्सर्ट, दहा नग" एवढंच लिहून फोटो टाकलेला असतो. अण्णांचा दुकानदार मात्र "भोसरीचं काम, ईएन-८, रफिंग" एवढं ऐकून बरोबर डबी काढतो.

म्हणून एक रजिस्टर करा. एक्सेल चालेल, वहीसुद्धा चालेल. प्रत्येक आयटमला तुमचा स्वतःचा नंबर द्या, समोर पूर्ण वर्णन, कंपनी, ग्रेड, कुठल्या मशिनवर आणि कुठल्या पार्टसाठी लागतो, महिन्याला किती, शेवटचा भाव, कुणाकडून घेतला आणि संपायला आला असं कधी धरायचं. सगळा माल एकदम लिहायला बसू नका, कंटाळा येईल आणि काम सोडून द्याल. मागच्या वर्षाची खरेदी बिलं काढा आणि सर्वांत जास्त पैसे कशात गेले तिथून सुरुवात करा. थोड्याच आयटममध्ये बहुतेक पैसा असतो, हे तुम्हाला पहिल्याच संध्याकाळी दिसेल. हे करताना अण्णांना शेजारी बसवा. त्यांना "ऑनलाइनची यादी करतेय" असं सांगू नका, "कुठला माल कशाला लागतो ते मला शिकवा" म्हणा. ते खरंही आहे. अण्णा उद्या चार दिवस आजारी पडले तर "नेहमीचं" म्हणजे काय हे सांगायला घरात दुसरं कोण आहे?

ती यादी समोर आली की काय ऑनलाइन न्यायचं ते जवळपास आपोआप कळतं. मी एकच प्रश्न विचारतो: हा माल चुकीचा आला किंवा आलाच नाही, तर काय होईल? हँडग्लोव्हज, कॉटन वेस्ट, गॉगल, पॅकिंगची टेप, स्टेशनरी यात चुकलं तर कुणी मरत नाही, खुशाल ऑनलाइन घ्या. महिन्याची एकच ऑर्डर टाका, वाहतूक वाचते. मशिनचे सुटे भाग, प्रॉक्सिमिटी स्विच, कूलंट पंप असले आयटम तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिकल बाजारात शोधण्यापेक्षा मॉडेल नंबर टाकून ऑनलाइन लवकर सापडतात, तिथे तुमचंच म्हणणं बरोबर. इन्सर्ट, ड्रिल, टॅप, बेअरिंग, मायक्रोमीटर यांचा कोड पक्का असेल तर ऑनलाइन चालेल, पण विकणारा त्या कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे ना हे कंपनीच्या साइटवर बघूनच. बेअरिंगमध्ये नकली माल इतका आहे की मोठ्या कंपन्यांनी अस्सल ओळखायला ॲप काढलीत. मोजमापाची साधनं कॅलिब्रेशन सर्टिफिकेटशिवाय गेटच्या आत घ्यायची नाहीत, भाव कितीही गोड असो.

राहिला कच्चा माल, जिथे तुमचे पैसे गेले. फसवणूक झाली नसती आणि बार खरोखर आले असते, तरी मी तो सौदा करू दिला नसता. ईएन-८ म्हणजे साधारण ०.४० टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेलं स्टील. साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा) बार रंगाने, वजनाने, चकाकीने अगदी तसाच दिसतो. फरक हीट ट्रीटमेंटला गेल्यावर कळतो, जेव्हा हार्डनेस मिळत नाही. तोपर्यंत तुम्ही मशिनिंग करून बसलेल्या असता. सोबत आलेलं टेस्ट सर्टिफिकेट म्हणजे नुसता एक कागद. त्यावरचा हीट नंबर (स्टील भट्टीच्या कुठल्या ओतीचं ते सांगणारा) बारवर मारलेल्या किंवा टॅगवरच्या नंबराशी जुळतो का ते बघायचं असतं, आणि नवीन पार्टी असेल तर तुकडा कापून एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये केमिकल टेस्ट करून घ्यायची. अण्णा बाराचं टोक ग्राइंडरला लावून ठिणगी बघत असतील तर एकदा शेजारी उभ्या राहा. कमी कार्बनची ठिणगी लांब आणि सरळ जाते, कार्बन वाढला की टोकाला फुलं फुटतात. त्याने आकडा मिळत नाही, पण एमएस आणि ईएन-८ मधली भेसळ गेटवरच सापडते.

आणखी एक. तुमचा ग्राहक गाड्यांच्या धंद्यातला असेल तर पहिल्या सॅम्पलच्या वेळी दिलेल्या पीपॅप फाइलमध्ये (पार्ट मंजूर करून घेण्याच्या कागदपत्रांत) कच्चा माल कुठल्या मिलचा हे बहुधा लिहिलेलं आहे. ती काढून बघा. स्टीलचा सोर्स ग्राहकाला न विचारता बदलला आणि पुढे लाइनवर काही निघालं, तर पाच टक्के वाचवल्याचं समाधान फार टिकत नाही. स्टील जुन्याच पार्टीकडून घ्या. तिचा भाव दर महिन्याला दुसऱ्या दोन स्टॉकिस्टांच्या कोटेशनशी ताडून बघा, कोटेशन ईमेलवर मागवा. तीसुद्धा ऑनलाइन खरेदीच आहे, आणि आपल्याकडच्या लहान कारखान्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी.

जीएसटीत बँकेतून आलेली माणसंही फसतात म्हणून सांगतो. ऑनलाइन ऑर्डर करताना मिस्टरांच्या मोबाइलवरच्या घरच्या अकाउंटवरून करू नका. बिझनेस अकाउंट काढा, त्यात फर्मचा जीएसटी नंबर घाला आणि बिलावर तो छापून येतोय ना ते बघा. दहा हजारांच्या मालावर अठराशे जीएसटी. नंबर नसेल तर तो आपल्या करातून वळता करून घ्यायचं क्रेडिट गेलं, आणि पाच-सात टक्क्यांची बचत त्यापुढे हास्यास्पद ठरते. बिलावर नंबर असूनही विकणाऱ्याने ते आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही तर तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) ते येत नाही, आणि तिथे आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. काही लहान विक्रेते तीन महिन्यांनी रिटर्न भरतात, त्यांचं उशिरा दिसू शकतं. दर महिन्याच्या १४ तारखेला २बी तयार होतं, त्यानंतर एक तास काढून खरेदी रजिस्टरशी टिकमार्क करा. कर सल्लागारावर सोडू नका, त्याच्याकडे तुमच्यासारखे पन्नास असतात.

अण्णांच्या रागाबद्दल. तो मला अनाठायी वाटत नाही. मी खरेदीखात्यात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आयुष्य काढलं. उलट्या लिलावाच्या स्क्रीनवर पुरवठादाराला आपला क्रमांक दिसतो, घड्याळ उलटं चालत असतं, आणि शेवटच्या दोन मिनिटांत माणूस कॉस्टशीट विसरून आकडा मारतो. हे यंत्र असंच चालावं म्हणून बनवलेलं आहे. २००० साली जनरल मोटर्स, फोर्ड आणि डेमलर-क्रायस्लर या बलाढ्य कंपन्यांनी मिळून कोव्हिसिंट नावाचा सुट्या भागांचा ऑनलाइन बाजार उभा केला होता. पुरवठादारांना त्यात आपला गळा आवळला जातोय असं वाटलं, ते मनापासून आलेच नाहीत, आणि २००४ पर्यंत तो विकून टाकावा लागला. पुढच्या वेळी ई-ऑक्शन आलं तर आदल्या दिवशी मटेरियल, सायकल टाइम, रिजेक्शन, पॅकिंग, वाहतूक आणि नव्वद दिवसांचं व्याज धरून खालचा आकडा कागदावर लिहा, अण्णांची सही घ्या, आणि माउस तुमच्या हातात ठेवा. आकड्याला पोचलं की स्क्रीन बंद. काम गेलं तर जाऊ द्या.

याच अनुभवामुळे अण्णा आपल्या दुकानदारांना तसं वागवत नाहीत, असा माझा अंदाज आहे. ते जुनाट नाहीत, स्वतःला जे झालं ते दुसऱ्याला करायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं असावं. विचारून बघा. अडतीस हजारांबद्दल ते गप्प आहेत, याचा अर्थ तुम्ही लावताय तोच असेल असं नाही. ई-ऑक्शनमध्ये वर्षभर तोटा केलेला माणूस सुनेला काय बोलणार?

ऑनलाइन खरेदीला रोख पैसे आणि ग्राहकाकडून आपले पैसे नव्वद दिवसांनी, ही कात्री मात्र खरी आहे. ग्राहक कंपनी मोठी असेल तर ती ट्रेड्सवर आहे का विचारा. रिझर्व्ह बँकेने परवाने दिलेले हे प्लॅटफॉर्म आहेत. कंपनीने तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला पैसे लगेच मिळतात, आणि कंपनीने पुढे बुडवले तरी तुमच्याकडे वसुलीला कुणी येत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी सक्तीची असली तरी तुमचं बिल तिथे टाकणं सक्तीचं नाही, म्हणून तुम्हालाच मागे लागावं लागेल. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत, हेही पर्चेसवाल्याला आठवण म्हणून मेलमध्ये घालता येतं. भांडणाच्या सुरात नको.

आणि तो एजंट. पैसे देऊ नका. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. आधार, पॅन आणि जीएसटी नंबर लागतो, कागद अपलोड करावे लागत नाहीत, चहा पिता पिता होईल. नोंदणी नसेल तर ती आजच करा, कारण ट्रेड्स असो की पंचेचाळीस दिवस, सगळीकडे ती लागते. "उद्यम" नावाच्या खासगी साइटही सर्चमध्ये वर येतात आणि फी मागतात. फी मागितली की साइट चुकलीय असं समजा. जेम हा २०१६ साली सुरू झालेला सरकारी खरेदीचा बाजार आहे. तिथे घेणारे सरकारी कार्यालयं आणि सरकारी कंपन्या. तुम्हाला तिथून हँडग्लोव्हज घेता येणार नाहीत, भाव मात्र बघता येतात. विकायचं म्हटलं तर लहान उद्योगांना अनामत रकमेतून सूट आहे, केंद्राच्या खरेदीत २५ टक्के वाटा त्यांच्यासाठी धरलेला आहे आणि त्यातले ३ टक्के महिला उद्योजकांचे. फर्म अण्णांच्या नावावर असेल तर ते तीन टक्के तुम्हाला लागू नाहीत, एजंट काहीही सांगो. शिवाय तुमचं काम ग्राहकाच्या ड्रॉइंगवर चालतं, आणि तसे पार्ट शोधत जेमवर कुणी येत नाही. खडकी-देहूरोडच्या संरक्षण कारखान्यांना फिक्स्चर किंवा गेज पुरवायचा विचार पुढे झालाच, तर तेव्हा नोंदणी स्वतःच्या हाताने करा. पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल एजंटकडे राहिला तर नंतर तो आपल्याच फर्मच्या खात्यात शिरायला पैसे मागतो.